चपला बदलल्या का?

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी पुण्याजवळच्या एका शेल्टरमध्ये शनिवार-रविवार जायला लागलो. कुत्र्यांना फिरवायचं, लाड करायचे, एवढंच डोक्यात होतं. हातात पडला तो खराटा. नव्याने येणाऱ्यांनो, तुमच्याही पडेल. साफसफाई नीट झाली तरच साथ आटोक्यात राहते.

पार्वो म्हणजे पिल्लांच्या आतड्यांचा जीवघेणा, झपाट्याने पसरणारा आजार. तो आधी दिसतो पिल्लाच्या बसण्यात. काल भांड्यावर तुटून पडणारं पिल्लू आज कोपऱ्यात मान टाकून बसतं. मग उलट्या, रक्ताचे जुलाब. तो वास एकदा नाकात बसला की विसरत नाही.

माझी चूक सांगतो. सलाईनवरच्या पिल्लाखालचं फडकं बदललं, सॅनिटायझर चोळला आणि त्याच चपलांनी निरोगी पिल्लांच्या खोलीत गेलो. पाचव्या दिवशी तिथली दोन पिल्लं आडवी. माझ्यामुळेच, हे सिद्ध करता येणार नाही. पण मला तरी शंका नाही. अल्कोहोलने पार्वोचा विषाणू मरत नाही, साध्या फिनाईलचाही भरवसा नाही. जमिनीत तो महिनोन्‌महिने तग धरतो. त्यामुळे फेरी नेहमी निरोगी पिल्लांपासून सुरू करायची, आजारी सर्वांत शेवटी. तिथले बूट, अ‍ॅप्रन, भांडी वेगळी.

ब्लीच कसं वापरायचं ते सफाईच्या मावशींनी शिकवलं. "आधी घाण काढ रे, शेणावर अत्तर शिंपडून काय होतंय?" खरंच आहे, घाण असली की ब्लीच वाया जातं. साबणाने धुवायचं, मग एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, आणि दहा मिनिटं फरशी ओली ठेवायची. संडासाचं अ‍ॅसिड त्यात चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो.

डिस्टेंपर हा कुत्र्यांचा दुसरा मोठा साथीचा आजार, त्याचं उलटं. त्याचा विषाणू बाहेर फार टिकत नाही, पण खोकल्या-शिंकांतून पसरतो. नाकाडोळ्यांतून घाण, पुढे झटके. बरं दिसणारं कुत्रंही कित्येक आठवडे विषाणू सोडत राहतं. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांत सापडला तो हाच.

लस कुत्रं आत येताक्षणी द्यायची, 'उद्या बघू' नाही. पिल्लांना आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती लस लागू पडू देत नाही, म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा, निदान चार महिन्यांचं होईपर्यंत. आणि स्वतःची रेबीजची लस पहिल्या दिवसाआधी घ्या.

सगळ्यांत अवघड काम फाटकावरचं. साथ चालू असताना कुणीतरी खोक्यात तीन पिल्लं घेऊन येतं, आणि त्यांना आत घेणं म्हणजे मारणं, हे त्या माणसाला भर पावसात समजावायचं असतं. मला अजून जमत नाही. मी मावशींना हाक मारतो.