तणनाशक फवारताना बांधाखालच्या माशांचाही विचार करा

पेरणी आटोपली की उगवणपूर्व तणनाशकाची घाई होते, आणि नेमके याच दिवसांत पहिले मोठे पाऊस येतात. कार्प जातीचे अनेक मासे ओढ्या-नद्यांना आलेल्या याच नव्या पाण्यात अंडी घालतात. अंडी आणि नुकती फुटलेली पिल्ले औषधाला सर्वांत आधी बळी पडतात. त्यामुळे शेताच्या उताराला तळे किंवा ओढा असेल, तर फवारणीचा दिवस आभाळ बघूनच ठरवा. एक-दोन दिवसांत जोराचा पाऊस दिसत असेल तर पंप भरूच नका.

मासे तरंगले नाहीत म्हणजे काही बिघडले नाही, असे धरून चालू नका. कल्ल्यांचा पडदा फार नाजूक असतो आणि तिथूनच औषध रक्तात उतरते. कल्ले सुजतात, त्यांवर चिकट स्राव साचतो, श्वास पुरत नाही. यकृतावरही ताण येतो. मासा खाणे कमी करतो, त्याची वाढ खुंटते.

सगळी तणनाशके सारखी नसतात. भातातले ब्यूटाक्लोर आणि पेंडिमेथालिन ही दोन्ही माशांना फार विषारी आहेत. पेंडिमेथालिन मातीला चिकटते, म्हणून ते गढूळ पाण्याबरोबर जाते. अ‍ॅट्राझिन पाण्यातून सहज वाहते आणि माशांचा चारा असलेल्या शेवाळाची वाढ रोखते. 2,4-डी घ्यायचेच असेल तर पाण्याजवळ एस्टर प्रकार टाळा, त्यापेक्षा अमाइन क्षार माशांना कितीतरी कमी घातक आहे. ग्लायफोसेटच्या काही मिश्रणांत तर पानावर औषध पसरवणारा घटकच मूळ औषधापेक्षा जास्त बाधतो. म्हणून डब्यावरची जलचरांबद्दलची सूचना वाचल्याशिवाय झाकण उघडू नका.

मला सर्वांत जास्त खटकते ते पंप धुणे. फवारणी झाली की पंप ओढ्यात बुडवायचा, खळखळून हलवायचा आणि पांढरा फेस प्रवाहात सोडायचा. त्या काठाच्या उथळ पाण्यातच पिल्लांचे थवे असतात. डबा तीनदा विसळा आणि ते पाणी पंपातच ओतून फवारणीत संपवा. पंप धुतलेले पाणीही शेतातच, तण असलेल्या जागी मारा.

भात खाचरात औषध टाकल्यावर लेबलवर दिलेले दिवस पाणी बांधून ठेवा, मोरी उघडू नका. काठालगत गवताचा पट्टा राखा. वारा असताना फवारू नका.

तळ्यातलेच तण मारायचे असेल तर त्यासाठी मान्यता असलेलेच औषध घ्या आणि एका वेळी तळ्याच्या एक तृतीयांश भागावरच मारा. सगळे तण एकदम मेले की कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते. तो लिटरला 5 मिलिग्रॅमच्या खाली गेला की माशांवर ताण येऊ लागतो. फवारणीनंतर आठवडाभर पहाटे तळ्यावर चक्कर मारा. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर खाद्य बंद करा, वायुवीजन यंत्र चालू करा आणि स्वच्छ पाणी सोडा. ते मासे खाऊ किंवा विकू नका.