बर्फातली कविता वाचताना या चुका टाळा

निफाडचा पारा घसरला, द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटल्या, की हिवाळ्याची कविता आपोआप कळेल असं नाशिककरांना वाटू शकतं. अमेरिकी कवी रॉबर्ट फ्रॉस्टच्या ‘स्टॉपिंग बाय वुड्स ऑन अ स्नोई ईव्हनिंग’ (१९२३) या कवितेत पहिली चूक इथेच होते. घोड्यासह निघालेला माणूस बर्फ पडताना रानापाशी थांबतो, एवढाच प्रसंग; पण परीक्षेच्या उत्तरात ‘कडाक्याची थंडी’ लिहिली जाते. प्रत्यक्षात सोळा ओळींत थंडी वाजल्याचा एकही शब्द नाही. तळं गोठलंय, पण वारा मंद आहे आणि बर्फ पिसासारखं मऊ पडतंय. आपला झोंबरा गारठा तिथे नेऊ नका.

यमक डोळ्यांनी शोधू नका. नो, दो, स्नो यांची स्पेलिंगं वेगळी, पण शेवटचा स्वर एकच. पेन्सिल घ्या, कविता मोठ्याने वाचा आणि सारख्या आवाजाला सारखं अक्षर द्या. पहिल्या कडव्यात अअबअ येतं. सुटलेल्या तिसऱ्या ओळीतलं ‘हिअर’ चूक समजून खोडू नका. पुढच्या कडव्यात क्विअर, निअर, यिअर त्यालाच धरून येतात, आणि तिथे सुटलेलं ‘लेक’ तिसऱ्या कडव्याला शेक, मिस्टेक, फ्लेक देतं. ओवीत पहिल्या तीन चरणांचं यमक जुळतं आणि चौथा मोकळा राहतो. इथे मोकळी ओळच पुढच्या कडव्याचा धागा होते. शेवटी मात्र चारही ओळी एकाच यमकात बंद होतात: डीप, कीप, स्लीप, स्लीप. पुढे न्यायला धागाच उरत नाही.

लय मोजताना लघु-गुरू लावू नका. इंग्रजीत आघात मोजतात. ‘द वुड्स आर लव्हली, डार्क अँड डीप’ यात उच्चाराचे आठ तुकडे आणि चार आघात आहेत: वुड्स, लव्ह, डार्क, डीप. सगळ्या तुकड्यांवर सारखा जोर दिला, तर ओळ पाढ्यासारखी ऐकू येते.

याच ओळीत ‘डार्क’नंतर तुमच्या पुस्तकात स्वल्पविराम आहे का, पाहा. फ्रॉस्टच्या हयातीतल्या छापील पाठात तो नाही. त्याच्या मृत्यूनंतर १९६९च्या संपादित आवृत्तीत तो घातला गेला. तो नसेल, तर ‘काळोखी आणि खोल’ हे रान सुंदर का वाटतं याचं उत्तर होतं. असेल, तर नुसते तीन सुटे गुण उरतात.

प्रतिमा म्हणजे फक्त चित्र नव्हे. घोडा साजाची घंटी हलवतो. दुसरा आवाज फक्त वाऱ्याचा आणि बर्फाचा. या एका किणकिणीमुळेच भोवतीची शांतता जाणवते. ‘बर्फाचं सुंदर दृश्य’ एवढंच लिहिलं, की ती हातची जाते.

भावस्थितीबाबत ‘कवीला मरण हवंय’ किंवा ‘कर्तव्य श्रेष्ठ’ अशी थेट उडी नको. भावनेचं जे नाव द्याल, त्याला कवितेतले किमान दोन शब्द पुरावा म्हणून जोडा. ‘ओढ’ म्हणायची असेल तर ‘लव्हली’ आणि ‘डीप’ आहेत; ‘अडवणूक’ म्हणायची असेल तर चौदाव्या ओळीतलं ‘बट’ आणि ‘प्रॉमिसेस’. ‘झोपण्याआधी मैलोन्मैल जायचंय’ या अर्थाची शेवटची ओळ दोनदा येते; ती वाचताना आवाज बदलून पाहा. पहिल्यांदा ती वाटेचं अंतर सांगते. दुसऱ्यांदा तेच शब्द जड होतात.