खोलीतील हवा मोजून, वाट शोधून सुधारावी कशी

खोलीतील हवा कोंदट वाटू लागली की बहुतेकांच्या मनात एखादे यंत्र विकत घेण्याचा विचार येतो. परंतु त्याआधी हवा आत कोठून येते आणि बाहेर कोठून जाते, हे शोधणे आवश्यक आहे. एअर प्युरिफायर धूलिकण गाळतो, पण श्वासोच्छ्वासातून साचलेला कार्बन डायऑक्साइड कमी करत नाही. बहुतेक स्प्लिट एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करून फिरवतात, त्यामुळे गारवा मिळाला तरी ताजी हवा मिळालेली नसते.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे प्रदूषण जेथे निर्माण होते तेथेच ते अडवणे. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणून शेगडी पेटवण्याबरोबरच चिमणी किंवा एक्झॉस्ट फॅन सुरू करावा आणि स्वयंपाक झाल्यावरही दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावा. जी चिमणी हवा गाळून पुन्हा स्वयंपाकघरातच सोडते, तिचा वायू आणि वाफ घालवण्यासाठी उपयोग नाही. चिमणीची नळी इमारतीबाहेरच उघडली पाहिजे. नवा रंग आणि प्लायवूडचे नवे फर्निचर यांतून काही काळ वाफा निघत राहतात, तेव्हा त्या दिवसांत खिडक्या जास्त वेळ उघड्या ठेवाव्यात. भिंतीला गळतीमुळे ओल आली असेल, तर नुसती हवा खेळवून बुरशी जात नाही. आधी गळती बंद करावी लागते.

यानंतर मोजणी करावी. माणसांच्या श्वासाने खोली किती भरली आहे हे कार्बन डायऑक्साइडवरून कळते, ही कल्पना जुनी आहे: म्युनिचचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ साली ०.१ टक्का, म्हणजे १००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत एक हजार भाग), ही मर्यादा सुचवली होती आणि व्यवहारात ती आजही उपयोगी पडते. मीटर घेताना तो अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांनी मोजणारा आहे ना, याची खात्री करावी, कारण काही स्वस्त उपकरणे इतर वायूंवरून केवळ अंदाज दाखवतात. मीटर प्रथम मोकळ्या हवेत ठेवून पाहावा. तेथे आकडा ४२०च्या आसपास यायला हवा. खोलीत तो बसण्याच्या उंचीवर, खिडकीपासून आणि कोणाच्याही तोंडापासून दूर ठेवावा.

खरी माहिती मिळते ती खोली रिकामी झाल्यावर. समजा, सर्वजण बाहेर पडले तेव्हा आकडा १४०० होता आणि दारे-खिडक्या नेहमीसारख्याच ठेवून तासाभराने तो ७८० झाला. बाहेरच्या हवेचे ४२० वजा केल्यास जादा प्रमाण ९८० वरून ३६० वर, म्हणजे सुमारे ३७ टक्क्यांवर आले. याचा अर्थ त्या खोलीत तासाला एकदा हवा बदलते, म्हणजे खोलीच्या आकारमानाएवढी ताजी हवा आत येते; ती जुन्या हवेत मिसळत जाते, म्हणून जादा प्रमाण शून्यावर येत नाही. जादा प्रमाण ६१ टक्के उरले तर तासाला अर्धाच बदल होतो, आणि १४ टक्के उरले तर दोन. खोली ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच असेल, तर तिच्यात ३६ घनमीटर हवा मावते. बसून काम करणाऱ्या एका प्रौढ व्यक्तीसाठी तासाला साधारण ३६ घनमीटर ताजी हवा मिळाली, तर आकडा हजाराच्या आत राहतो. म्हणून वरील खोली एकाला पुरेल, पण दोघांसाठी वायुवीजन दुप्पट करावे लागेल.

पंखा मोठा बसवण्यापूर्वी हवेची वाट तपासावी, कारण बहुतेक ठिकाणी दोष तेथेच असतो. एक्झॉस्ट फॅनच्या शेजारचीच खिडकी उघडी असेल, तर पंखा तिच्यातून आलेली हवा लगेच बाहेर टाकतो आणि खोलीचा दूरचा कोपरा तसाच कोंदट राहतो. अशा वेळी ती खिडकी बंद करून समोरच्या भिंतीतील खिडकी उघडावी. दार घट्ट बसत असेल, तर स्नानगृहातल्या पंख्याला ओढायला हवाच मिळत नाही. दाराखालच्या फटीजवळ टिश्यू पेपरची पट्टी धरून पंखा सुरू करावा: पट्टी ठामपणे आत ओढली गेली नाही, तर दाराच्या तळाशी दीड-दोन सेंटीमीटर फट ठेवावी किंवा जाळी बसवावी. पंख्याच्या नळीला नाहक वळणे आणि चुरगळणारी लवचिक नळी टाळावी.

बाहेरची हवाच धुळीची असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची मर्यादा लक्षात ठेवावी: पीएम २.५ची (२.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान धूलिकणांची) चोवीस तासांची सरासरी घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी. अशा काळात खिडक्या मोजक्या वेळ उघडून, जोडीला खोलीच्या आकारमानाच्या चार-पाच पट हवा तासाला गाळणारा प्युरिफायर लावणे रास्त ठरते.

मोठ्या इमारतींत विजेची बचत पंख्याच्या वेगातून होते. पंख्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज जवळपास निम्मी लागते. म्हणून सभागृहासारख्या जागी पंखा दिवसभर पूर्ण वेगाने न चालवता कार्बन डायऑक्साइडच्या सेन्सरला जोडावा. बाहेर टाकायच्या हवेतील गारवा किंवा ऊब येणाऱ्या हवेला देणारी यंत्रणा अतिशय उष्ण किंवा थंड हवामानात खर्च वाचवते, मात्र तिचे फिल्टर वेळेवर बदलले नाहीत तर फायदा झपाट्याने घटतो.

जोरदार एक्झॉस्ट बसवण्याआधी गॅसवर चालणारे गीझर किंवा धुराडे असलेली शेगडी त्याच भागात आहे का, हे अवश्य पाहावे. पंख्याच्या ओढीने धूर उलटा आत येऊ शकतो आणि त्यातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कार्बन डायऑक्साइडचा मीटरही तो दाखवत नाही. त्यासाठी स्वतंत्र इशारा-यंत्र बसवावे आणि बाहेरची हवा आत येण्याची कायमची जागा ठेवूनच पंखा चालवावा.