कार्यालयातील छपाई आणि दस्तऐवजांची व्यवस्था कशी लावावी

छपाईचा खर्च कमी करायचा म्हटले की पहिला आदेश निघतो तो ‘अनावश्यक प्रिंट काढू नयेत’ असा, आणि थोड्याच दिवसांत तो मागे पडतो, कारण आपण काढत असलेली प्रिंट अनावश्यक आहे असे कोणालाच वाटत नसते. दरपत्रकाची शेवटची प्रत संगणकावर नेमकी कुठे आहे हे खात्रीने सांगता येत नाही, म्हणून माणूस ती छापून स्वतःच्या खणात ठेवतो. शेजारच्या टेबलावरची व्यक्तीही तेच करते आणि पुढच्या दुरुस्तीनंतर दोन्ही प्रती शिळ्या होतात. बऱ्याच कार्यालयांत कागदाचा खप वाढतो तो प्रिंटरमुळे नव्हे, तर फाइल सापडत नसल्यामुळे. म्हणून छपाई आणि दस्तऐवजांची मांडणी ही कामे एकत्रच हाती घ्यावीत.

आधी मोजदाद करावी

कार्यालयीन वापराचे बहुतेक प्रिंटर आजवर छापलेल्या एकूण पानांचा आकडा स्वतःजवळ ठेवतात आणि सेटिंगच्या मेनूतून यंत्राच्या माहितीचे पान छापले की तो दिसतो. महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशी हा आकडा लिहून ठेवावा. त्याबरोबरच प्रिंटरशेजारी एक खोका ठेवून चुकलेली, कोरी निघालेली आणि कोणी न उचललेली पाने त्यात टाकण्यास सर्वांना सांगावे. महिनाअखेरीस हा खोका उपसला की दुखणे कुठे आहे ते कळते: शेवटचा एकच स्तंभ दुसऱ्या पानावर गेलेले तक्ते, जिच्या दुसऱ्या पानावर फक्त नाव आणि पत्ता उरला आहे अशी ई-मेलची प्रिंट, आणि एकाच पत्राच्या तीन-चार प्रती, प्रत्येकीत एकेका शब्दाची दुरुस्ती.

एका पानामागे शाईचा किती खर्च येतो हे काढण्यासाठी कार्ट्रिजच्या किमतीला त्यातून निघणाऱ्या पानांच्या संख्येने भागावे. कार्ट्रिजच्या खोक्यावर छापलेली पानसंख्या मात्र जशीच्या तशी धरू नये. ती ठरावीक चाचणी-पानांवरून काढलेली असते. काळ्या टोनरच्या, म्हणजे लेझर प्रिंटरच्या भुकटीरूप शाईच्या बाबतीत अशा पानाचा सुमारे ५ टक्के भागच शाईने व्यापलेला असतो. लेटरहेडवरचा गडद बोधचिन्हाचा पट्टा आणि तक्त्यातील रंगीत रकाने धरले तर प्रत्यक्षात मिळणारी पाने बरीच कमी भरतात. यंत्र खरेदी करताना प्रिंटरच्या किमतीपेक्षा हा भागाकार अधिक महत्त्वाचा असतो.

सवय नव्हे, मूळ सेटिंग बदलावी

पाठपोट आणि काळी-पांढरी छपाई हीच सर्व संगणकांवर मूळ सेटिंग म्हणून ठेवावी, म्हणजे ज्याला एकाच बाजूने किंवा रंगीत प्रिंट हवी आहे त्यालाच वेगळा पर्याय निवडावा लागेल. सूचनाफलकावर दहा वेळा लिहून जे साधत नाही ते या एका बदलाने साधते. पाठपोट छपाईने कागद निम्मा लागतो, टोनर मात्र तेवढाच लागतो, याचे भान ठेवून कच्च्या मसुद्यांसाठी टोनर वाचवणारा पर्यायही दाखवून द्यावा.

तक्त्यांच्या छपाईसाठी अर्धा तास बाजूला काढून सर्वांना तीन गोष्टी शिकवाव्यात: छापायचा भाग आधी निवडून ठेवणे, सर्व स्तंभ एकाच पानाच्या रुंदीत बसवणे आणि शीर्षकाची ओळ प्रत्येक पानावर येईल अशी योजना करणे. चौथी गोष्ट म्हणजे छापण्याआधी पूर्वदृश्य पाहणे. तेथे खाली ‘१ पैकी १’ ऐवजी ‘४८ पैकी १’ असे दिसले तर काहीतरी बिघडले आहे हे कागद खर्ची न घालताच कळते.

कागद आणि यंत्र

साधा ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा ए४ कागद दैनंदिन कामास पुरेसा असतो. त्याच्या एका तावाचे वजन ५ ग्रॅम आणि ५०० तावांच्या रीमचे अडीच किलो भरते. कागद हवेतील ओलावा शोषून घेतो, त्यामुळे उघडलेली रीम तिच्याच वेष्टनात गुंडाळून, जमिनीपासून वर आडवी ठेवावी. कागद वारंवार अडकत असेल तर तंत्रज्ञाला बोलावण्यापूर्वी ट्रेमधील दोन्ही बाजूंच्या पट्ट्या कागदाला नीट टेकल्या आहेत का, आणि गठ्ठा खुणेच्या वर गेला आहे का, एवढे पाहावे. अडकलेला कागद दोन्ही हातांनी, तो ज्या दिशेने पुढे सरकत होता शक्यतो त्याच दिशेने सावकाश ओढावा, कारण आत राहिलेला फाटका तुकडाच पुढच्या अडथळ्याचे कारण ठरतो. लेझर प्रिंटरमधील टोनर वितळवणारा भाग छपाईनंतरही बराच वेळ तापलेला असतो, तिथे हात घालू नये.

पाठकोरे कागद पुन्हा प्रिंटरमध्ये घालण्याची काटकसर मला पटत नाही. त्यांना दुमड पडलेली असते, एखादी पिन राहून गेलेली असते आणि मागच्या बाजूचा मजकूर भलत्याच माणसाच्या हाती जाण्याचा धोका असतो. गोपनीय काही नसेल तर त्यांच्या टिपणवह्या बांधाव्यात. टोनर संपत आल्याची सूचना दिसताच कार्ट्रिज बदलण्याचीही घाई नको. नवीन कार्ट्रिज कपाटात आणून ठेवावे आणि अक्षरे फिकी येऊ लागल्यावरच ते बसवावे.

प्रत्येक दस्तऐवजाची एकच अधिकृत प्रत

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. सर्वांना पोहोचता येईल अशा एकाच सामायिक ठिकाणी फाइली ठेवाव्यात आणि त्यांचे फोल्डर व्यक्तींच्या नावाने नव्हे, तर कामाच्या नावाने करावेत, कारण माणूस रजेवर जातो किंवा नोकरी सोडतो, काम मात्र तिथेच राहते. फोल्डरच्या आत फोल्डर अशी उतरंड तीन पातळ्यांपलीकडे गेली की शोधणारा कंटाळतो आणि आपली वेगळी प्रत करून मोकळा होतो.

फाइलच्या नावाचा नियम लेखी ठरवावा. ‘करार-अंतिम’, ‘करार-अंतिम-नवीन’ आणि ‘करार-अंतिम-खरे’ अशा तीन फाइली एकाच फोल्डरमध्ये दिसल्या की नेमकी कोणती पाठवायची हे त्या करणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्याऐवजी आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, त्यानंतर विषय, दुसरा पक्ष आणि आवृत्तीचा क्रमांक असा क्रम ठेवावा: ‘२०२५-०३-१४-करार-छपाईसेवा-आ०२’. वर्ष पुढे आणि महिना-दिवस दोन अंकी असल्यामुळे नावानुसार लावलेली यादी आपोआप तारखेनुसार लागते. ‘अंतिम’ हा शब्द नावात वापरूच नये. सही झाल्यावर फाइल पीडीएफ करून ‘मंजूर’ या फोल्डरमध्ये हलवावी आणि तिथे बदल करण्याची मुभा एक-दोघांनाच द्यावी. सहकाऱ्यांना ई-मेलने फाइल जोडून पाठवण्याऐवजी तिचा दुवा पाठवला, तर प्रतींची पिलावळ मुळातच थांबते.

दीर्घकाळ जपायच्या कागदपत्रांसाठी पीडीएफ-ए हा प्रकार निवडावा. २००५ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झालेल्या या प्रकारात फॉन्ट फाइलमध्येच साठवलेले असतात. युनिकोड ही सर्व संगणकांवर चालणारी समान अक्षरसंकेतपद्धती येण्यापूर्वीच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले मराठी पत्र दुसऱ्या संगणकावर उघडल्यावर रोमन अक्षरांचा काला दिसतो, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. अशा जुन्या फाइलींतील मजकूर शोधूनही सापडत नाही, म्हणून ज्या अजून कामात आहेत तेवढ्या तरी युनिकोडमध्ये आणाव्यात.

कागद स्कॅन करताना

साध्या मजकुरासाठी ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके पुरेसे असतात. त्याहून अधिक घेतल्याने फाइल फुगते आणि वाचनात फारसा फरक पडत नाही. स्कॅन केलेले पान हे मुळात चित्रच असते, त्यामुळे अक्षरओळखीची (ओसीआर) सोय चालवून त्यातील मजकूर शोधण्याजोगा करावा, अन्यथा कागदाचा ढीग संगणकात हलवला एवढेच होईल. मूळ कागद बाजूला करण्यापूर्वी पानांची संख्या मोजून पाहावी आणि पाठीमागचा मजकूर आला आहे याची खात्री करावी. थर्मल, म्हणजे उष्णतेने अक्षरे उमटणाऱ्या कागदावरच्या पावत्या काही काळाने पुसट होतात, म्हणून त्या हाती येताच स्कॅन कराव्यात. जुन्या कपाटातील सगळेच स्कॅन करण्याचा उत्साह मात्र आवरावा. चालू वर्षाच्या कागदांपासून सुरुवात करावी आणि जुन्यांपैकी जो कागद कोणी मागेल तो त्याच वेळी स्कॅन करावा.

गोपनीयता आणि विल्हेवाट

पगारपत्रक किंवा करार छापताना प्रिंट यंत्रातच रोखून धरण्याची आणि तिथे जाऊन पिन, म्हणजे गुप्त क्रमांक टाकल्यावरच सोडण्याची सोय अनेक यंत्रांत असते. ती सुरू करावी. कोणता कागद किती वर्षे ठेवायचा हे कायदा आणि व्यवसाय यांनुसार ठरते, त्यामुळे लेखापाल आणि कायदेशीर सल्लागार यांच्याकडून प्रकारवार मुदती लिहून घ्याव्यात आणि प्रत्येक खोक्यावर नष्ट करण्याची तारीख टाकावी. वाद किंवा लेखापरीक्षण चालू असलेला कागद मुदत संपली तरी काढू नये. नष्ट करताना लांब पट्ट्या कापणाऱ्यापेक्षा आडवे-उभे कापून बारीक तुकडे करणारे श्रेडर वापरावे. भाड्याचे यंत्र परत करण्यापूर्वी किंवा जुने विकण्यापूर्वी त्यातील साठवण पूर्णपणे पुसली असल्याची लेखी पोच घ्यावी, कारण मोठ्या बहुउपयोगी यंत्रांत हार्ड डिस्क असू शकते आणि छापलेल्या व स्कॅन केलेल्या पानांच्या प्रतिमा तिच्यावर राहिलेल्या असू शकतात.