प्राइम लेन्स घेतलीत? मग या चुका टाळा

नव्या माणसाच्या कॅमेऱ्यावर ५० एमएम एफ/१.८ ही प्राइम (झूम नसलेली) लेन्स चढली की अ‍ॅपर्चर (लेन्सचं उघडं भोक; आकडा लहान तितकं ते मोठं) १.८ वरून हलायचं नाव घेत नाही. जणू पैसे त्या आकड्याचेच दिलेत! पाडव्याला ठाण्याच्या शोभायात्रेत आमच्या सोसायटीतला एक मुलगा अशीच नवी लेन्स मिरवत आला. तलावपाळीजवळ नऊवारी नेसलेल्या चौघीजणी बुलेटवरून चालल्या होत्या, त्याच्यासाठी मुद्दाम थांबल्या. मी म्हटलं, "अरे, ५.६ कर." "नको काका, मागचा ब्लर जाईल." मागच्या छोट्या स्क्रीनवर सगळं झकास. घरी लॅपटॉपवर उघडलं, तर पहिलीच्या नथीचा मोती न् मोती शार्प आणि बाकी तिघी धुक्यात.

हिशेब साधा आहे. क्रॉप (म्हणजे लहान आकाराचा) सेन्सर, ५० एमएम, १.८ आणि माणूस एक मीटरवर: शार्प पट्टी जेमतेम तीन सेंटीमीटर. डोळा धरला की कान गेला. मी एकट्यादुकट्याला २.८ लावतो, घोळक्याला ५.६, आणि फोकस पॉइंट स्वतः जवळच्या डोळ्यावर ठेवतो. उजेड कमी पडला तर आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) खुशाल वाढवतो. फोटोत थोडे दाणे चालतात, हुकलेला फोकस नाही.

दुसरी चूक खरेदीतली. क्रॉप सेन्सरवर ५० एमएमची चौकट ७५-८० एमएमएवढी अरुंद होते. वन बीएचकेतल्या बारशात पाठ भिंतीला टेकते, तरी पाळणा आणि आत्या एका फ्रेममध्ये मावत नाहीत. घरातल्या फोटोंसाठी ३५ घ्या. शंका असेल तर कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सची झूम रिंग आधी ३५ वर, मग ५० वर चिकटपट्टीने बांधून आठवडाभर फिरा. फुकटचा उपाय आहे, पण सेल रात्री संपणार असतो ना!

"पाय हाच झूम" हेही अर्धंच खरं. जवळ गेलात की पर्स्पेक्टिव्ह बदलतं, नाक मोठं दिसतं.

निकॉनच्या डी३५०० सारख्या बॉडीत फोकस मोटर नसते. स्वतःची मोटर नसलेली जुनी एएफ-डी लेन्स स्वस्तात मिळाली म्हणून उचललीत, तर फोकस हातानेच करावा लागेल.

ऐरोलीच्या खाडीत लांबचे फ्लेमिंगो टिपायला ५० एमएम नेणाऱ्यांनी बोटीत बसून नुसते पक्षी बघावेत.

आणि पावसाळ्यात लेन्स बॅगेत कोंबून कपाटात टाकू नका, बुरशी धरते. हवाबंद डबा, सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की बदला.