केबल बातम्यांचा इतिहास लिहिताय? कोपऱ्यातल्या तारखेवर जाऊ नका

कोल्हापुरातल्या स्थानिक केबल वाहिनीवर प्रबंध करायचा म्हणून दरवर्षी एक-दोघं तरी मला गाठतात. पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, साहित्य कुठं मिळंल?" मिळेल. पण मी कुठं आपटलो ते आधी ऐका.

१९७२ चं मुंबई दूरदर्शन, नव्वदच्या दशकात गच्चीगच्चीवर आलेल्या डिश, १९९५ चा केबल कायदा, हे तुम्ही शिकलेलंच आहे. त्यावर दहा पानं घालवू नका. आपला इतिहास कॅसेटींत आहे, आणि त्यातल्या बऱ्याच पुसल्या गेल्यात. आजची बातमी दाखवून झाली की उद्या त्याच टेपवर दुसरी भरायची, असा तेव्हाचा कारभार. नवी कॅसेट परवडायची कुणाला?

मला एका जुन्या कॅमेरामन मामांच्या माळ्यावर पुराची व्हीएचएस, म्हणजे जुन्या पद्धतीची व्हिडिओ कॅसेट सापडली. शाहूपुरीतली कुंभार गल्ली, मांडीभर पाणी, बिनरंगाचे गणपती हातगाडीवर चढवणारी माणसं. खाली कोपऱ्यात तारीख, जुलै २००४. मी हरखलो. २००५ च्या महापुराच्या वर्षभर आधीपासून वाहिनी पुराच्या सलग बातम्या देत होती, असं अख्खं प्रकरण लिहून काढलं. मार्गदर्शकांनी न वाचता सही केली. तोंडी परीक्षेला आलेल्या सरांनी तो तुकडा बघितला आणि म्हणाले, "हे पाणी २००५ चं. माझं घर त्याच गल्लीत आहे." प्रकरण गेलं, सहा महिने गेले. तो दिवस आठवला की अजून पोटात गोळा येतो.

झालं होतं असं. कॅमेऱ्याच्या पोटात घड्याळासाठी बटणाएवढा सेल असतो. तो संपला की घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर जातं. नवा सेल घालून कुणी तारीख लावली नाही, तर तिथूनच पुढे चालत राहतं. रोज एक दिवस पुढे, पण चुकीचंच. कोपऱ्यात १ जानेवारी दिसली असती तर मला शंका आली असती. जुलै दिसला, पाऊस दिसला, आणि मी फसलो. ही तारीख चित्रातच छापली जाते, नंतर बदलता येत नाही. कॅसेटवरच्या चिठ्ठीचंही तेच. टेपवरचं बदलतं, चिठ्ठी जुनीच राहते.

म्हणून आवाज ऐका. पुराच्या बातमीत पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी फूट-इंचांत सांगतातच. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे कोल्हापुरात पोरासोरांना पाठ असतं. तो आकडा लिहून घ्या आणि वाचनालयात त्या आठवड्याच्या वर्तमानपत्रांच्या फायलींशी ताडून बघा. माझ्या कॅसेटमध्ये तो आकडा होता. मी आवाज बंद करून दृश्यं बघत बसलो होतो.

यूट्यूबवरच्या तुकड्यांवर प्रबंध उभा करू नका, साफ सांगतो. तिथं कळते ती चढवल्याची तारीख. झेरॉक्सच्या दुकानातला जुना प्रबंध तर हातातही धरू नका.

घाबरू मात्र नका. कागद आहेत. केबलचालकाची नोंदणी मुख्य टपाल कार्यालयात व्हायची, आणि २०१७ मध्ये जीएसटी येईपर्यंत जोडण्यांवरचा करमणूक कर जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जायचा. माहिती अधिकारात अर्ज करा आणि धीर धरा. मार्गदर्शक मोठ्या नावाचा नसला तरी चालेल, पण पान उलटून बघणारा हवा. माझे खरे गुरू मामाच. चुकलो तेव्हाही त्यांनी चहा पाजला आणि दुसरी पेटी उघडून दिली.

कॅसेट हातात आली की आधी खिडकीतून रीळ बघा. आपल्या पावसाळ्यात पांढरी बुरशी धरतेच. तशीच लावलीत तर व्हीसीआरचं, म्हणजे कॅसेट चालवायच्या यंत्राचं, टेप वाचणारं हेड खराब होतं, आणि बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागते. स्वच्छ असेल तर कडेची प्लॅस्टिकची छोटी टॅब मोडा, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही. मामांच्या त्या कॅसेटची टॅब मी त्यांच्यासमोरच मोडली, आणि चिठ्ठीवर त्यांच्याच हातानं २००५ लिहून घेतलं.