नव्या संशोधनाची बातमी कशी वाचावी

प्रथम प्रयोग कोणावर झाला ते पाहावे. उंदरांवर गुणकारी ठरलेले औषध माणसांवर अनेकदा निष्प्रभ ठरते. मग टक्केवारी उलगडावी. ‘धोका ५० टक्क्यांनी घटला’ या वाक्यामागे हजारांत दोन रुग्णांऐवजी एक, एवढाच फरक असू शकतो, आणि मथळा लिहिणाऱ्याला तो सांगण्याची घाई क्वचितच असते. निष्कर्ष दुसऱ्या, स्वतंत्र गटाने पडताळला आहे का, हे भौतिकशास्त्रातही विचारावे: २०११ मध्ये ऑपेरा या युरोपातील भौतिकशास्त्रीय प्रयोगात न्यूट्रिनो हे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोहोचल्याचे दिसले, पण पुढच्या वर्षी मोजमापातला मुख्य दोष नीट न बसलेल्या ऑप्टिकल फायबर केबलच्या जोडणीत सापडला. परिसंस्थेच्या अभ्यासात निरीक्षणे किती वर्षांची आहेत तेही तपासावे. एका हंगामावरून कल ठरत नाही.